रूपकौरचे अपुरे वाक्य : नलिनी मलानी यांचा दृश्यप्रवास

मराठी नियतकालिकांतून चित्रकलेविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोन निमित्तांनी. एखादा चित्रकार निवर्तला म्हणजे, किंवा एखाद्या चित्रावरून वाद झाला म्हणजे. ज्यांच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही, अशा कलावंतांची ओळख सर्वसामान्य वाचकाला होत नाही. नलिनी मलानी हे असेच एक नाव. २०२३ साली त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला, तेव्हाही मराठीत त्यांच्याविषयी फारसे काही वाचायला मिळाले नाही. वास्तविक त्या मुंबईच्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. अर्धशतकाहून अधिक काळ चित्र, चलत्‌चित्र, नाटक, सावली आणि आवाज या सगळ्यांना एकत्र आणून त्या काम करीत आल्या आहेत. आणि आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांच्या सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या कामांपैकी दोन उर्दू साहित्यावर उभी आहेत. एक सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेक सिंह' या कथेवर, दुसरे फैज अहमद फैज यांच्या 'लहू का सुराग' या कवितेवर.

प्रस्तुत लेखात या दोन कामांच्या अंगाने मलानी यांच्या वाटचालीचा विचार करायचा आहे. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी राहून ही कामे प्रत्यक्ष पाहणे अवघड. चित्रफितींचे तुकडे, छायाचित्रे आणि त्यांच्याविषयी छापून आलेले लेखन यांवरच मला विसंबावे लागले आहे. अंधाऱ्या दालनात फिरताना प्रेक्षकाची स्वतःची सावली चित्रांत मिसळते, तो अनुभव या लेखामागे नाही. ही मर्यादा वाचकांनी ध्यानात घ्यावी.

मलानी यांचा जन्म १९४६ सालचा, कराचीचा. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब निर्वासित होऊन आधी कोलकात्याला आणि पुढे मुंबईला आले. फाळणी त्यांना आठवण म्हणून मिळालेली नाही. तेव्हा त्या तान्ह्या होत्या. ती त्यांना मिळाली घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढे त्यांच्या कामात दृश्याइतकेच महत्त्व आवाजाला आले.

त्यांच्या आरंभकाळातली मुंबईही समजून घ्यायला हवी. १९६७ साली पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' हा लघुपट केला आणि बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटाचे गोल्डन बेअर मिळाले. १९७० साली तय्यब मेहता यांनी 'कूडल' केला. त्याच सुमारास अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशांतून 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' ही कार्यशाळा मुंबईत उभी केली. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटवाले यांनी एका जागी येऊन प्रयोग करावेत हा तिचा हेतू. स्वतः पदमसींनी तेथे 'सिझिजी' हा रेषा आणि आकारांचा मूकपट केला. कॅमेरा हाती धरणारे हे तिन्ही चित्रकार मुसलमान होते, याची नोंद आपल्याकडे कुणी घेतली असल्यास माझ्या पाहण्यात नाही. मुस्लिम समाज आणि चित्र यांचे नाते केवळ निषिद्धतेचे आहे असे मानणाऱ्यांनी, मग ते समाजाबाहेरचे असोत की आतले, निदान एवढा इतिहास तरी तपासावा.

या कार्यशाळेत मलानी सर्वांत तरुण. नुकत्याच जे. जे. मधून बाहेर पडलेल्या. १९६९ साली त्यांनी तेथे 'ड्रीम हाउसेस' हा छोटा रंगीत सचेतपट केला. त्यात घरांच्या नमुन्याचे रंगीबेरंगी आकार आहेत, त्यांवर खेळणारा प्रकाश आहे. नव्या राष्ट्रात सर्वांना घर मिळेल, वास्तुशास्त्र गरिबीवर उपाय शोधील, ही त्या काळची श्रद्धा त्या रंगांत आहे. पुढे १९७६ साली त्यांनी कृष्णधवल फीत केली. तीत एक तरुण स्त्री खिडकीतून मुंबईकडे पाहते आहे आणि समोर झोपड्यांचे वास्तव आहे. या दोन्ही फिती शेजारी शेजारी दाखवल्या म्हणजे 'युटोपिया' हे काम होते. सात वर्षांचे अंतर दोन पडद्यांच्या मधल्या फटीत मावते. त्यांनी पहिली फीत रद्द ठरवली नाही आणि दुसरीच खरी असेही म्हटले नाही. स्वप्न आणि भंग एकाच वेळी दाखवले. दोन पडद्यांच्या मधे प्रेक्षकाला उभे करण्याची त्यांची पुढची पद्धत येथेच सुरू होते असे मला वाटते.

मधली काही वर्षे त्यांनी मुख्यतः चित्रे केली. मुंबईत लोहार चाळीच्या परिसरात त्यांचा स्टुडिओ होता. तिथल्या दाट वस्तीतली माणसे, हातगाड्या, ओझी त्यांच्या चित्रांत आली. १९८७ ते १९८९ या काळात अर्पिता सिंग, नीलिमा शेख आणि माधवी पारेख यांच्यासह त्यांनी 'थ्रू द लुकिंग ग्लास' ही प्रदर्शने भरवली. परंतु चौकटीतले चित्र त्यांना पुरेना. १९९२ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांनी 'सिटी ऑफ डिझायर्स' केले. राजस्थानातील नाथद्वारा येथील जुन्या भित्तिचित्रांची होणारी हेळसांड हे त्याचे निमित्त. त्यांनी गॅलरीच्या भिंतींवरच चित्रे काढली आणि प्रदर्शनाअखेर ती पुसून टाकली. विकायला काहीही उरले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अयोध्येत मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. पुसली जाणारी भिंत हा शब्दप्रयोग त्यानंतर केवळ कलेचा राहिला नाही.

१९९३ मध्ये अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासह त्यांनी हाइनर म्यूलर या जर्मन नाटककाराच्या 'मीडिया'वर काम केले. २००० साली 'हॅम्लेटमशीन' जपानमधील फुकुओका येथे साकारले. त्यात चलत्‌चित्र मिठाच्या थरावर पडते. मीठ म्हटल्यावर आपल्याला दांडी आठवते. त्या मिठावर हिंसेची चित्रे उमटतात. कोणतेही भाष्य न करता भाष्य होते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानने चगाईला अणुचाचण्या केल्या. दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. या वातावरणात मलानी यांना मंटोची कथा आठवली आणि 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंह' तयार झाले. दालनात पत्र्याच्या बारा ट्रंका मांडलेल्या. निर्वासित ज्या घेऊन निघतात तशा. त्यांच्या आत छोटे पडदे. भिंतीवर अणुस्फोटांची जुनी चित्रणे. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया, एक इकडची, एक तिकडची. त्या दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. मधे पूर्ण दालन आहे. घडी काही जमत नाही.

मंटोची कथा वाचकांना ठाऊक असेल. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही सरकारे वेड्यांची अदलाबदल करायचे ठरवतात. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला बिशन सिंह पंधरा वर्षे उभा आहे. त्याचे गाव टोबा टेक सिंह हिंदुस्थानात की पाकिस्तानात, हे त्याला कुणी धड सांगत नाही. शेवटी दोन देशांच्या तारांमध्ये, ज्या जमिनीला नाव नाही तिच्यावर तो कोसळतो. या कथेवर आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक त्या शेवटच्या प्रतिमेवर. सरहद्दीचा वेडेपणा, राष्ट्रांचा वेडेपणा, शहाणा वेडा. ते योग्यच आहे.

परंतु मलानी यांच्या दालनात बिशन सिंह नाही. तिथे दोन स्त्रिया आहेत. हे पाहिल्यावर मी कथा पुन्हा वाचली आणि एक जागा नव्याने दिसली. बिशन सिंहाला एक मुलगी आहे, रूपकौर. लहान असताना बापाला पाहून ती रडायची आणि तरुण झाल्यावरही रडायची. फाळणीनंतर गावचा मित्र फजलदीन भेटायला येतो. तुझी माणसे सुखरूप हिंदुस्थानात पोचली असे सांगतो. मग रूपकौरचे नाव घेतो आणि अडखळतो. वाक्य मधेच तुटते. थोडे थांबून तो म्हणतो की तीही ठीक आहे. कथेत त्याविषयी पुढे एक अक्षरही नाही. पण उर्दू वाचणाऱ्या प्रत्येकाला त्या अडखळण्यात काय दडले आहे हे कळते. फजलदीन भला माणूस आहे, म्हणूनच तो अडखळतो.

माझ्या मते मलानी यांनी मंटोची कथा रूपकौरच्या बाजूने वाचली. बाप दोन देशांच्या मधे पडला ते सर्वांनी पाहिले. मुलगी एका तुटलेल्या वाक्यात हरवली, तिला कुणी शोधले नाही. घडी न होणारी साडी ही त्या वाक्याची दृश्य बाजू आहे. साडी कुणाची हे आपल्याला माहीत नाही. ती नेसणारी कुठे आहे हेही माहीत नाही. दोघी तिची घडी घालून ट्रंकेत ठेवू पाहतात, म्हणजे प्रकरण मिटवू पाहतात, आणि ते मिटत नाही. अण्वस्त्रांच्या चित्रणापेक्षा हा भाग मला अधिक खोल वाटतो. स्फोटाची चित्रे आपण अनेकदा पाहिली आहेत, त्यांनी आता डोळा फारसा दचकत नाही. साडीच्या न जमणाऱ्या घडीने मात्र मन अस्वस्थ होते.

फाळणीत दोन्ही बाजूंनी हजारो स्त्रिया पळवल्या गेल्या. १९४९ साली भारत सरकारने अपहृत व्यक्तींच्या शोधाचा आणि परत पाठवणीचा कायदा केला. त्यानुसार बाईला परत नेले जाई, तिची इच्छा असो वा नसो. ती कुठली, हे इतरांनी ठरवायचे. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांनी या स्त्रियांच्या दुःखाला भाषा का मिळाली नाही याची मीमांसा केली. त्यांच्याच लेखाच्या आधाराने मलानी यांनी २००५ साली 'मदर इंडिया' हे पाच पडद्यांचे काम केले आणि ते व्हेनिसच्या द्वैवार्षिकाच्या वेळी दाखवले गेले. त्यात फाळणी आहे आणि २००२ चे गुजरातही आहे. त्याआधी २००३ मध्ये 'युनिटी इन डायव्हर्सिटी' आले. राजा रविवर्मा यांच्या प्रसिद्ध चित्रात निरनिराळ्या प्रांतांच्या अकरा वादक-गायिका एकत्र बसल्या आहेत, त्यांत मुस्लिम वेषातली स्त्रीही आहे. मलानी यांनी त्या मैफलीला दिवाणखान्यातल्या सोनेरी चौकटीत ठेवले आणि मैफलीत गोळीबाराचा आवाज आणला. शाळेच्या भिंतीवर आपण 'विविधतेत एकता' असे लिहितो. त्या भिंतीलाही कान आहेत, हे तो आवाज सांगतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो आमच्या जिल्ह्याला टाळता येण्यासारखा नाही. हिंसा दाखवायची कशी? २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. त्यानंतर मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. त्या छायाचित्रांशिवाय कदाचित समाज जागा झाला नसता. आंदोलन करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. तरीही त्या मायलेकींची विटंबना प्रत्येक प्रतीबरोबर पुन्हा होत होती, हेही तितकेच खरे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिल्या, पण विनयभंगाचा आणि अॅट्रॉसिटी कायद्याखालचा आरोप सिद्ध धरला नाही. म्हणजे छायाचित्रांत सर्व काही उघडे पडले, आणि निकालाच्या कागदावर वाक्य पुन्हा मधेच थांबले. फजलदीनचे अडखळणे केवळ १९४७ चे नाही.

मलानी यांच्या तंत्राचे महत्त्व मला या ठिकाणी पटते. त्या पारदर्शक प्लास्टिकच्या नळकांड्यांवर आतल्या बाजूने चित्रे रंगवतात. काचेवर उलट रंगवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे, तिचाच हा वापर. ही नळकांडी छताला टांगून सावकाश फिरत ठेवतात. त्यांच्यातून प्रकाश आणि चलत्‌चित्र सोडले म्हणजे भिंतींवर सावल्या हिंडू लागतात. कोणतीही प्रतिमा स्थिर राहत नाही. जखम दिसते आणि पुढे सरकते. तिच्यावर नजर रोखून बसता येत नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून रामायण सांगितले. त्यात रावणाचा वध होतो, पण पडद्यावर रक्त सांडत नाही. सावली गोष्ट सांगते आणि देहाची लाज राखते. मलानी यांनी ही जुनी मर्यादा नव्या यंत्रांत आणली. पीडित स्त्रीचे प्रदर्शन न मांडता तिच्यावरचा अन्याय मांडायचा, हे त्यांच्या साऱ्या वाटचालीचे सूत्र आहे, असे मी म्हणेन.

हे सूत्र २०१२ साली जर्मनीतील कासेल येथे दाखवलेल्या 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड'मध्ये सर्वांत भव्य रूपात दिसते. शीर्षक फैज यांच्या कवितेचे, आगा शाहिद अली यांच्या इंग्रजी अनुवादातले. फैज यांनी ही कविता १९६५ च्या जानेवारीत कराचीतल्या रक्तपातानंतर लिहिली. कराची हे मलानी यांचे जन्मगाव. परंतु माझी तक्रारही याच कामाविषयी आहे.

उर्दू शिकवताना शब्दांच्या छटांकडे लक्ष द्यावेच लागते. फैज यांच्या शीर्षकातला 'सुराग' हा शब्द तपासाचा आहे. सुराग म्हणजे माग, सुगावा. कवितेचा रोख असा, की सांडलेल्या रक्ताचा मागमूस कुठेच सापडत नाही, कारण त्याच्या वतीने कुणी उभा राहिला नाही आणि प्रकरण निकालात निघाले. ही कचेरीची भाषा आहे. इंग्रजीत 'नाहीसे झालेले रक्त' असे म्हटले की काव्य उरते, पण तपास मागे पडतो. रक्त आपोआप नाहीसे होत नाही, ते कुणीतरी धुतलेले असते. त्यातच मलानी यांनी या कामात ग्रीक कासांड्रा, महाश्वेतादेवींची द्रौपदी, म्यूलर, बेकेट अशी पुष्कळ माणसे बोलावली आहेत. प्रत्येक आवाज मोलाचा आहे. पण एका दालनात इतके आवाज आले की फैज यांचा संथ, न ओरडणारा सूर त्यांत दबतो. मंटोच्या कामात एक साडी पुरली होती. येथे संदर्भांची गर्दी झाली आहे. आणि ज्या भाषेत तो सूर जन्माला आला, ती उर्दू शीर्षकातही उरली नाही.

हा दोष केवळ कलावंताचा नाही. जगाच्या दालनांत इंग्रजी चालते, तेथे उर्दूला अनुवादातूनच प्रवेश मिळतो. पण मराठीचे तसे नाही. फिर्याद, जबाब, दावा, तारीख, मुद्देमाल, पंचनामा हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो. फारसीतून आलेली ही कचेरीची भाषा उर्दू आणि मराठीची सामाईक मिळकत आहे. फैज यांचा तपास मराठीत इंग्रजीपेक्षा अधिक नेमका उतरू शकतो. दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्या लेखकांनी हे काम करायला हवे.

२०१८ पासून मलानी बोटांनी आयपॅडवर छोटे सचेतपट करू लागल्या. २०२० साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत 'कॅन यू हिअर मी?' या नावाने असे ८८ सचेतपट भिंतींवर एकाच वेळी दाखवले गेले. त्यामागची मूळ ठिणगी कठुआची. २०१८ साली तेथे एका आठ वर्षांच्या बकरवाल मुस्लिम मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. येथे संदर्भ पुष्कळ असूनही रेषा पोरीच्या वहीतल्यासारखी साधी आहे, खोडलेली, घाईची. 'ऐकू येते का?' हा प्रश्न शीर्षकातच विचारला आहे. १९६९ मध्ये घरांचे रंगीत स्वप्न हलवणारा हात वयाच्या सत्तरीनंतर पुन्हा सचेतपटाकडे वळला, पण आता त्या घरांतून हरवलेल्या मुलीला हाक मारण्यासाठी.

अशा कामांचा प्रेक्षक कोण, हा प्रश्न शेवटी उरतोच. कासेल, व्हेनिस, लंडन, पॅरिस ही गावे आपल्या वाटेवरची नाहीत. पण 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंह' १९९९ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, दाखवले गेले होते. तिथे सहलीची मुले येतात, गावाकडून मुंबई पाहायला आलेली कुटुंबे येतात. कलेचे शिक्षण नसलेला माणूस त्या ट्रंकांपाशी थांबू शकत होता, कारण ट्रंक त्याच्या घरातही होती. मलानी यांच्या साऱ्या पुरस्कारांपेक्षा ही निवड मला मोठी वाटते. आमच्या झाडीपट्टीत नाटकाला रात्रभर माणसे जागतात. आडून आणि सावलीतून सांगितलेले त्यांना कळणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. एक ट्रंक, एक साडी आणि मंटोची कथा एवढ्यावर एखाद्या गावात संध्याकाळ उभी राहू शकते.

फजलदीन अडखळला, मंटोने ते अडखळणे तसेच ठेवले, आणि मलानी यांनी त्याला जागा, कापड आणि सावली दिली. ते वाक्य पुरे करणे कलेला शक्य नाही आणि तिने तसा आव आणूही नये. रूपकौरचे काय झाले, हे विचारण्याचे काम मात्र वाचकाचे आहे. आणि ज्यांच्या भाषेत ते वाक्य अडखळले, त्या आपल्यासारख्या वाचकांचे अधिक.